सॉमरसेट काउंटीतील तांबूस बदकाचे बदलत गेलेले स्थान

तुतवार (धागाकर्ती)

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील सॉमरसेट काउंटीत, ब्रिस्टल शहराच्या दक्षिणेला, च्यू व्हॅली लेक नावाचा जलाशय आहे. शहराला पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी बांधलेल्या या जलाशयाचे उद्घाटन एप्रिल १९५६ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. सुमारे १,२०० एकरांवर पसरलेले हे पाणी फारसे खोल नाही आणि काठावर उंच पाणगवताचे दाट पट्टे आहेत, त्यामुळे पाणपक्ष्यांनी ते थोड्याच काळात आपलेसे केले. १९६० मध्ये याच पाण्यावर एका अमेरिकी बदकाने ब्रिटनच्या मोकळ्या निसर्गात पहिल्यांदा पिल्ले काढली. पुढची ४० वर्षे ते बदक इथे वाढत गेले, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत सरकारने नेमलेल्या नेमबाजांनी ते जवळजवळ नाहीसे केले. एकाच काउंटीत एखाद्या पक्ष्याचे स्थान इतक्या कमी काळात इतक्या वेळा बदलल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

इंग्रजीत याला रडी डक म्हणतात. मी इथे तांबूस बदक म्हणेन. विणीच्या हंगामात नराचे अंग गडद तांबूस, गाल पांढरेशुभ्र, टोपी काळी आणि चोच आकाशी निळी असते. शेपटीची पिसे ताठ असतात आणि तो ती बऱ्याचदा उभी धरून पोहतो. मादीला रिझवताना तो आपल्या फुगवलेल्या छातीवर चोचीने भराभर आघात करतो, तेव्हा पिसांत अडकलेली हवा बाहेर पडून छातीपुढच्या पाण्यावर बुडबुड्यांचा फेस उठतो. हे बुडी मारणारे बदक आहे; तळाच्या चिखलातील किड्यांच्या अळ्या हे त्याचे मुख्य खाद्य. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशातली तळी.

ते ब्रिटनमध्ये आले ते माणसाच्या हातून. सर पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी एक संस्था स्थापन केली, तीच आजची वाइल्डफाउल अँड वेटलँड्स ट्रस्ट. तिथल्या संग्रहासाठी १९४८ मध्ये अमेरिकेतून चार नर आणि तीन माद्या आणल्या गेल्या. संग्रहातील पिल्ले उडून जाऊ नयेत म्हणून ती लहान असतानाच एका पंखाचे टोक काढण्याची पद्धत होती. या बदकाची पिल्ले मात्र पकडायलाच कठीण, कारण जवळ जाताच ती बुडी मारतात. काही पिल्ले तशीच राहिली आणि १९५० च्या दशकात उडून गेली. स्लिमब्रिजपासून च्यू व्हॅली सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आत आहे, आणि नव्याने भरलेला तो उथळ जलाशय त्यांच्यासाठी जणू तयारच होता.

सुरुवातीला त्यांच्याकडे ‘सुटलेले पाळीव पक्षी’ म्हणूनच पाहिले गेले. वीण ठरली, ती दरवर्षी होऊ लागली आणि स्टॅफर्डशायरसारख्या इतर काउंट्यांतही पसरली, तेव्हा १९७१ मध्ये ब्रिटनच्या अधिकृत पक्षीयादीत त्यांना ‘सी’ वर्गात जागा मिळाली. माणसाने आणलेल्या, पण आता स्वतःच्या बळावर टिकून राहिलेल्या पक्ष्यांचा हा वर्ग आहे. हिवाळ्यात च्यू आणि शेजारच्या ब्लॅगडन जलाशयावर त्यांचे शेकड्यांचे थवे जमू लागले. बाहेरगावचे पक्षीनिरीक्षक सॉमरसेटला येत ते हे बदक पाहण्याच्या आशेनेही येत. २००० च्या सुमारास ब्रिटनभरातील संख्या सुमारे ६,००० वर पोहोचली होती.

अडचण उभी राहिली ती तिथून दीड हजार किलोमीटरवर, स्पेनमध्ये. ताठ शेपटीच्या बदकांची युरोपची स्वतःची एकच प्रजाती आहे, पांढऱ्या डोक्याचे बदक. शिकार, अंडी गोळा करणे आणि पाणथळ जागा कोरड्या पाडणे यांमुळे १९७७ मध्ये स्पेनमध्ये त्यांपैकी अवघी २२ उरली होती. कोर्दोबा प्रांतातील तळ्यांवर कडक संरक्षण मिळाल्यावर ती हळूहळू सावरली. त्याच सुमारास, म्हणजे १९८० च्या दशकात, ब्रिटनमधून पसरत गेलेली तांबूस बदके स्पेनमध्ये दिसू लागली आणि १९९१ मध्ये दोन्ही प्रजातींच्या संकरातून झालेला पहिला पक्षी नोंदवला गेला. हे संकरज पक्षी प्रजननक्षम असतात, त्यामुळे मिसळ पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाऊ शकते. १९९९ ते २००२ या काळात ब्रिटनमध्ये निवडक भागांत चाचणी म्हणून गोळीबार झाला, २००३ मध्ये सरकारने संपूर्ण उच्चाटनाचा निर्णय जाहीर केला आणि २००५ पासून युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने तो अमलात आला.

माझे मत आधीच मांडते. हे उच्चाटन योग्य होते असे मला वाटते. परंतु ज्यांनी पक्षी आणले, ज्यांनी ते सुटू दिले आणि ज्यांनी धोका दिसल्यावरही वर्षानुवर्षे समित्यांच्या बैठकींत वेळ घालवला, त्या माणसांच्या चुकीची भरपाई हजारो पक्ष्यांनी केली, हेही त्याच ठामपणे नोंदवले गेले पाहिजे. आपली मते वाचायला आवडतील.

---

निळांबरी

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. एका देशात तीन पिढ्या जन्मलेल्या, कोणाचेही पीक न खाणाऱ्या, कोणालाही इजा न करणाऱ्या पक्ष्यांना केवळ त्यांचे रक्त दुसऱ्या प्रजातीत मिसळेल या भीतीपोटी गोळ्या घालायच्या, हा विचारच मला अस्वस्थ करतो. निसर्गात प्रजाती मिसळतात, वेगळ्या होतात, पुन्हा मिसळतात. आपण ज्या क्षणी पाहायला लागलो त्या क्षणीचे चित्र गोठवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरे असे की बदके हजारो किलोमीटर उडतात. अमेरिकेतील अनेक पक्षी वादळांसोबत अटलांटिक ओलांडून ब्रिटनच्या किनाऱ्यावर येतात, हे तुम्हीही जाणता. मग युरोपात दिसलेली तांबूस बदके स्लिमब्रिजचीच होती, त्यातली काही आपल्या पंखांनी आलेली नव्हती, हे कशावरून? तसे असेल तर त्यांचे तिथे असणे नैसर्गिकच ठरते.

---

तुतवार (धागाकर्ती)

निळांबरी, तुमचा दुसरा मुद्दा आधी घेते, कारण त्याचे उत्तर नेमके देता येते. ही शंका त्या काळी पुष्कळांनी घेतली होती आणि ती रास्त होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात युरोपातील मोकळ्या आणि पिंजऱ्यातील तांबूस बदकांची तुलना अमेरिकेतील बदकांशी केली गेली. अमेरिकेतील पक्ष्यांत जे वैविध्य आढळले त्याचा फारच थोडा अंश युरोपात सापडला, आणि तो संग्रहातील पक्ष्यांशी जुळणारा होता. अटलांटिकपलीकडून पक्ष्यांची अधूनमधून भर पडत असती तर हे चित्र वेगळे दिसले असते. मूठभर पक्ष्यांपासून वाढलेल्या संख्येची खूण त्यात स्पष्ट होती.

पहिला मुद्दा अधिक अवघड आहे आणि मी तो हलका मानत नाही. तुम्ही म्हणता तशी मिसळ निसर्गात होते हे खरे आहे. मात्र ज्या दोन प्रजाती महासागरामुळे लाखो वर्षे वेगळ्या राहिल्या, त्यांना एका माणसाच्या संग्रहामुळे काही दशकांत एकत्र आणणे आणि त्यांतील एकीची संख्या त्या प्रदेशात काही शेकड्यांवर असताना आणणे, ही घटना त्या संथ मिसळीहून वेगळी आहे. तांबूस नर माद्यांच्या मागे लागण्यात फार आक्रमक असतात आणि पांढऱ्या डोक्याच्या नरांना बाजूला सारतात. स्पेनमधील निरीक्षकांनी सुरुवातीपासून प्रत्येक संकरज आणि प्रत्येक तांबूस बदक शोधून मारले म्हणूनच तिथली मूळ प्रजाती आजवर शुद्ध राहिली. तो पहारा कायम ठेवणे आणि पुरवठा मात्र ब्रिटनमधून चालू राहणे, हे निष्फळ ठरले असते. जी प्रजाती गेली ती परत आणता येत नाही. अमेरिकेत तांबूस बदके आजही लाखोंनी आहेत. मला निवड करावी लागली तर मी याच आधारावर करीन, जरी ती निवड करताना हात थरथरला तरी.

---

उजनीकाठ

मी इंदापूर तालुक्यातला आहे आणि पाण्यात बाहेरून आणलेली जात सोडल्यावर काय होते ते आम्ही रोज पाहतो. आमच्याकडे उजनीच्या पाण्यात चिलापी आहे. हा मूळचा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. आज भीमेच्या काठावरची कित्येक घरे चिलापीवर चालतात, भिगवणच्या खानावळींत लोक लांबून चिलापी खायला येतात. आणि त्याच वेळी जुनी माणसे मरळ, वाम, आहेर यांच्या आठवणी सांगतात. आता उद्या कोणी शास्त्रज्ञ येऊन म्हणाला की चिलापी काढून टाका, तर ते शक्यही नाही आणि ज्यांच्या चुली त्यावर पेटतात त्यांना ते सांगण्याचे धाडसही कोणी करणार नाही.

म्हणून मला तुतवार यांच्या लेखातील उशिराचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखादी जात नवीन असते तेव्हा तिला कोणी वाली नसतो आणि तिला काढणे सोपे असते. ती रुजली, लोकांच्या सवयीत आणि पोटापाण्यात शिरली, की प्रश्न जीवशास्त्राचा राहत नाही. तिकडे या बदकावर कोणाचे पोट नव्हते, फक्त प्रेम होते, तरीसुद्धा इतका विरोध झाला. १९६० मध्ये पहिली जोडी दिसली त्याच वर्षी ती पकडून परत स्लिमब्रिजला का नेली नाही?

---

पाणंद

मी बाथजवळ राहतो आणि काउंटीच्या पक्षीनोंदींशी माझा थोडा संबंध आहे, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट सीमेची. ज्या च्यू जलाशयाला आपण सॉमरसेटचा म्हणतो आहोत तो १९७४ ते १९९६ या काळात प्रशासकीयदृष्ट्या सॉमरसेटमध्ये नव्हता. त्या वर्षांत ब्रिस्टलभोवती एव्हन नावाची नवी काउंटी करण्यात आली होती. १९९६ मध्ये ती मोडली आणि जलाशय औपचारिकरीत्या पुन्हा सॉमरसेटमध्ये आला, पण पक्षीनिरीक्षक नोंदींसाठी अजूनही एव्हन हाच स्वतंत्र विभाग मानतात. वनस्पती आणि कीटकांच्या नोंदी ठेवणारे तर एकोणिसाव्या शतकात आखलेल्या ‘उपकाउंटी’ वापरतात आणि त्यांच्या लेखी तो उत्तर सॉमरसेटमध्ये, सहाव्या क्रमांकाच्या उपकाउंटीत येतो. त्यामुळे ‘काउंटीत या बदकाचे स्थान काय’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना वाचकाने दोन वेगळ्या संस्थांचे वार्षिक अहवाल शेजारी ठेवून पाहावे लागतात. तसे न केल्यास असा भास होतो की १९७४ मध्ये सॉमरसेटमधून बदके एकाएकी कमी झाली, जेव्हा प्रत्यक्षात कमी झाली ती फक्त काउंटीची जमीन.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. काउंटीची पक्षीनोंद ही पूर्णपणे विश्वासावर चालते. लोक रविवारी सकाळी जातात, मोजतात, कळवतात आणि वर्षाअखेर त्याचा अहवाल छापला जातो. उच्चाटन सुरू झाल्यावर लोकांच्या लक्षात आले की आपण कळवलेला आकडा हाच नेमबाजांसाठी पत्ता ठरू शकतो. तेव्हा अनेकांनी तांबूस बदकांच्या नोंदी कळवणे थांबवले आणि काहींनी त्या मुद्दाम संदिग्ध ठेवल्या. मोहिमेला पाठिंबा देणाऱ्यांत आरएसपीबी ही ब्रिटनमधील सर्वांत मोठी पक्षीसंरक्षण संस्था होती, त्यामुळे तिच्या सभासदांतच मतभेद उभे राहिले. विरोध करणाऱ्यांची बाजू मला समजते. पण याचा परिणाम असा झाला की ज्या वर्षांत या पक्ष्याचा इतिहास सर्वांत वेगाने घडत होता, नेमक्या त्याच वर्षांच्या नोंदी सर्वांत अविश्वसनीय आहेत. पुढे कोणी अभ्यासक आलेख काढील तर २००५ नंतरच्या उतारात किती पक्षी खरोखर मेले आणि किती केवळ वहीतून वगळले गेले, हे त्याला वेगळे करता येणार नाही.

---

स्थलांतर

एक शंका आहे. इंग्लंडमध्ये मँडरिन बदकेही बाहेरूनच आणली गेली. चीन, जपान आणि पूर्व रशियातले हे अतिशय देखणे बदक सरे, बर्कशायर या काउंट्यांत आज सर्रास दिसते. विंडसर ग्रेट पार्कमध्ये मी स्वतः ती झाडांच्या ढोलीत शिरताना पाहिली आहेत. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनाही १९७१ मध्येच यादीत जागा मिळाली. मग एकाला गोळी आणि दुसऱ्याला कौतुक असे का? यात देखणेपणाचा भाग नाही ना? तांबूस बदकाच्या बाबतीत जो न्याय लावला तो सर्वांना सारखा लावायला हवा.

---

तुतवार (धागाकर्ती)

स्थलांतर, देखणेपणाचा भाग असता तर तांबूस नरही वाचला असता. फरक नात्यांचा आहे. मँडरिनचे युरोपात कोणी जवळचे नातेवाईक नाही. त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद म्हणजे अमेरिकेतील वुड डक. त्यामुळे इथल्या कोणत्याही रानबदकाशी त्याचा टिकाऊ संकर होण्याची भीती नाही. ढोलीसाठी तो इतर पक्ष्यांशी काही प्रमाणात स्पर्धा करीत असेल, पण त्याच्यामुळे एखादी प्रजाती पुसली जाईल असे कोणी दाखवून दिलेले नाही. बाहेरून आलेला म्हणून मारा असा नियम मुळात कधीच नव्हता. नॉरफोकमधील गॅडवॉल बदकेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पंख कापून सोडलेल्या जोडीपासून वाढली असे मानले जाते आणि आज त्यांच्याकडे कोणी परके म्हणून पाहत नाही, कारण ती प्रजाती युरोपचीच आहे. प्रत्येक पक्ष्याबाबत विचारायचा प्रश्न एकच, की तो इथे असल्याने दुसरे कोण कायमचे जाईल?

उजनीकाठ यांचा प्रश्न मात्र मनाला लागणारा आहे. १९६० मध्ये पहिली जोडी का पकडली नाही? प्रामाणिक उत्तर असे की तेव्हा कोणालाही तशी गरज दिसली नाही. स्पेनमधील बदके तेव्हा ब्रिटनमधील निरीक्षकांच्या मनातही नव्हती. परदेशी पक्षी मोकळ्यावर वाढतो आहे, याचा आनंदच वाटण्याचा तो काळ होता. ज्या स्लिमब्रिजमधून हे बदक सुटले त्याच स्लिमब्रिजने हवाई बेटांवरील नेने हंस वाचवला हेही विसरू नये. जगात जेमतेम ३० च्या आसपास नेने उरले होते, तेव्हा १९५० मध्ये काही पक्षी स्लिमब्रिजला आणले गेले, तिथे त्यांची वीण झाली आणि १९६२ मध्ये त्यांची संतती माउई बेटावर परत सोडण्यात आली. पाण्याभोवतीची तीच कुंपणे आणि तीच माणसे एका प्रजातीला जीवदान देत होती आणि त्याच वेळी, नकळत, दुसरीच्या मुळावर येईल असा पक्षी सोडत होती. म्हणून १९६० च्या माणसांना मी दोषी धरणार नाही.

दोष मी १९९१ नंतरच्या वर्षांना देते. तोवर संकरज पक्षी हातात आला होता. धोका कशाचा आहे, तो कुठून येतो आणि कोणत्या जलाशयांवर हिवाळ्यात ही बदके एकत्र जमतात, हे सर्व ज्ञात होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांची संख्या २००० मधील शिखराच्या बरीच खाली होती. तरीही प्रत्यक्ष उच्चाटन सुरू व्हायला २००५ उजाडले. या १४ वर्षांत कार्यगट नेमले गेले, मारण्याच्या पद्धतींची तुलना झाली, चाचण्या झाल्या, अहवाल लिहिले गेले. त्यातले प्रत्येक पाऊल स्वतंत्रपणे पाहिले तर जबाबदारीचेच वाटते. पण बदके दरवर्षी अंडी घालत राहिली, आणि उशिरामुळे वाढलेले प्रत्येक पिल्लू पुढे मारावे लागले. ज्यांना पक्ष्यांची दया येते त्यांनी या उशिरावर सर्वांत आधी बोलले पाहिजे असे माझे म्हणणे आहे, कारण मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या त्याच काळात वाढली.

---

निळांबरी

तुतवार, उशिराबद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि त्या बाजूने मी कधी विचार केला नव्हता. तरीही एक खंत राहतेच. मोहीम राबवणाऱ्यांनी मारण्याऐवजी इतर उपाय का केले नाहीत? अंड्यांवर तेल लावून ती उबू न देण्याची पद्धत आहे. पक्षी पकडून संग्रहात ठेवता आले असते. खर्च झाला तो काही दशलक्ष पौंडांचा. तेवढ्यात हे झाले नसते का?

---

पाणंद

निळांबरी, या पर्यायांची चाचणी झाली होती. अडचण बदकाच्या वागण्यात आहे. मादी दाट पाणगवतात, पाण्यावर तरंगेल असे घरटे करते, ते शोधणे फार कठीण असते आणि शोधायला गेले तर त्याच गवतात वीण करणाऱ्या इतर पक्ष्यांची घरटी तुडवली जातात. शिवाय अंडी थांबवली तरी मोठे पक्षी अनेक वर्षे जगतात आणि दरम्यान स्पेनकडे जात राहतात. पकडण्याबाबत वर लिहिलेच आहे, जे पिल्लांना लागू तेच मोठ्यांना: जाळे किंवा होडी जवळ येताच ती बुडी मारतात. शेवटी असे आढळले की हिवाळ्यात मोजक्या मोठ्या जलाशयांवर थवे एकत्र आलेले असताना, आवाज कमी करणाऱ्या रायफलींनी प्रशिक्षित माणसांनी मारणे, हेच कमी वेळात होणारे आणि इतर पक्ष्यांना कमीत कमी त्रास देणारे आहे. सर्वच जागामालकांनी लगेच परवानगी दिली असेही नाही. काहींशी वाटाघाटी करण्यात बराच काळ गेला.

च्यूच्या काठावर हिवाळ्यात शॉव्हेलर म्हणजे आपले थापट्या बदक मोठ्या संख्येने उतरते आणि त्यामुळेच तो जलाशय युरोपीय पातळीवर संरक्षित घोषित झाला आहे. तिथे गोळी चालवताना ही काळजी घेणे क्रमप्राप्त होते.

---

हेमाडपंथी

या धाग्यात आपल्याकडच्या वाचकांसाठी एक दुवा सांगावासा वाटतो. पांढऱ्या डोक्याचे बदक म्हणजे केवळ स्पेनचा पक्षी नव्हे. त्याची मोठी वीण कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या खाऱ्या तळ्यांवर होते, हिवाळ्यात ती तुर्कस्तानकडे आणि दक्षिण आशियाच्या वायव्येकडे येतात. पाकिस्तानातील पंजाबात मिठाच्या डोंगररांगेत असलेली उच्छाली, खब्बकी आणि जहलर ही तळी याच पक्ष्यासाठी पाणथळ जागांच्या रक्षणाच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात नोंदवली गेली आहेत. भारतातील जुन्या पक्षीसूचींत उत्तरेकडचा तुरळक हिवाळी पाहुणा म्हणून तो आढळतो, पण आता दिसणे फारच दुर्मीळ आहे.

म्हणजे तांबूस बदके युरोपात बेबंद वाढली असती आणि स्पेनमधून पूर्वेकडे तुर्कस्तान, मध्य आशिया अशी सरकत गेली असती, तर या प्रजातीचा मुख्य साठाच धोक्यात आला असता. तिथली तळी इतकी विस्तीर्ण आणि दुर्गम आहेत की स्पेनसारखा एकेका पक्ष्यावरचा पहारा तिथे शक्यच नाही. सॉमरसेटच्या जलाशयावरचा निर्णय हा या अर्थाने आपल्याही वाटेला आलेल्या एका पक्ष्याबद्दलचा निर्णय होता.

माझा एक प्रश्न आहे. पुढच्या हिवाळ्यात माझी मुलगी ब्रिस्टलला शिकायला जाणार आहे आणि तिला पक्ष्यांची आवड आहे. तिला च्यूवर ताठ शेपटीचे बदक दिसलेच, तर तिने काय करावे? कळवावे की कळवू नये?

---

तुतवार (धागाकर्ती)

हेमाडपंथी, पूर्वेकडच्या साठ्याचा मुद्दा आपण जोडलात हे फार बरे झाले. मूळ लेखात तो यायला हवा होता. संकराचे संकट टळले तरी या प्रजातीचे दिवस सोपे नाहीत. तुर्कस्तानातील बुर्दूर सरोवर, जिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हिवाळ्यात १०,००० हून अधिक पांढऱ्या डोक्याची बदके मोजली गेली होती, ते आटत चालले आहे. जागतिक पातळीवर ती आजही ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे.

आपल्या मुलीसाठी आधी ओळखीबद्दल सांगते, कारण हिवाळ्यात नराचा तांबूस रंग उतरलेला असतो आणि दिसतो तो एक करडा-तपकिरी, गोल बांध्याचा पक्षी. पांढरे गाल मात्र नराचे हिवाळ्यातही टिकतात. मादीच्या फिकट गालावर एकच गडद आडवी रेघ असते. तिथे सर्रास दिसणारे छोटे लिटल ग्रीब, म्हणजे आपली टिबुकली, दुरून पाहताना याच्याशी घोटाळा करू शकते. चोच पाहावी, टिबुकलीची चोच टोकदार आणि याची रुंद, बदकाची असते. शेपटी पाण्यालगत पडलेली असू शकते, त्यामुळे ती उभी दिसली नाही म्हणून पक्षी वगळू नये. चोचीचे बूड फुगीर वाटले आणि डोके बरेचसे पांढरे दिसले, तर ते पांढऱ्या डोक्याचे बदक किंवा संकरज असू शकते, आणि अशा वेळी छायाचित्र घेणे फार उपयोगी ठरते.

कळवण्याबाबत माझे उत्तर ‘कळवावे’ असेच आहे. २०१६ पासून तांबूस बदक युरोपीय संघाच्या आक्रमक परकीय प्रजातींच्या पहिल्या यादीत आहे, आणि ब्रिटनमध्ये ते निसर्गात सोडण्यास कायद्यानेच बंदी आहे. परकीय प्रजातींसाठी ब्रिटनचे वेगळे सचिवालय आहे आणि नोंद त्यांच्याकडे किंवा काउंटीच्या पक्षीनोंद अधिकाऱ्याकडे देता येते. कळवल्यावर तो पक्षी मारला जाण्याची शक्यता आहे, हे तिला आधीच मोकळेपणाने सांगा; ते लपवून तिच्याकडून नोंद घेणे योग्य होणार नाही. तिला ते जमणार नसेल तर तिच्यावर सक्ती करू नका. पण स्वतःच्या वहीत तारीख, जागा, संख्या आणि नर की मादी हे तिने अवश्य लिहून ठेवावे. पाणंद यांनी वर सांगितलेली पोकळी भरून काढायला अशा खासगी वह्या पुढे कधीतरी लागतील.

च्यूला जाताना हेरियट्स ब्रिजपासून सुरुवात करावी. तिथे रस्त्यालगतच पाणी दिसते, परवाना लागत नाही आणि पाणगवताच्या कडेने बुडी मारणारी बदके जवळून पाहता येतात. आतील निरीक्षण-खोपट्यांसाठी मात्र आधी परवाना घ्यावा लागतो.